आभाळ कोरडे, नदीला पूर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पूर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. आभाळ गच्च भरलेले आहे, दोन-तीन दिवस सूर्याचे दर्शन नाही, पत्र्यावर पावसाचा ताशा वाजतो आहे आणि नदी दुथडी भरून वाहते आहे. संगमनेरकरांना मात्र पुराचे आणखी एक रूप माहीत आहे. गावात ऊन पडलेले असते, शेतकरी पावसाची वाट पाहत असतो, पिके माना टाकत असतात आणि त्याच वेळी प्रवरेचे पाणी गंगामाई घाटाच्या पायऱ्या चढू लागते. पाऊस एकीकडे आणि पूर दुसरीकडे, असा हा प्रकार आहे. म्हणूनच हवामानाचा इशारा म्हणजे काय, तो कोण देतो, तो आपल्यापर्यंत कसा येतो आणि वाटेत कुठे अडतो, हे समजून घ्यायला संगमनेरसारखे उदाहरण नाही.

एकाच जिल्ह्यातली दोन आभाळे

प्रवरा उगम पावते ती रतनगडाच्या परिसरात, सह्याद्रीच्या ऐन कण्यावर. घाटघर, रतनवाडी हा भाग म्हणजे पावसाचे माहेरघर. तिथे एका पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून साठ-पासष्ट किलोमीटर पूर्वेला संगमनेर आहे. इथे वर्षभराचा पाऊस मोजला तर तो साधारण पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपले ओझे तिथेच उतरवून टाकतात. घाटमाथा ओलांडून आलेल्या वाऱ्यांकडे द्यायला फारसे उरलेले नसते. यालाच भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. म्हणजे आषाढ-श्रावणात अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला माणूस घोंगडी पांघरून बसलेला असतो, तेव्हा संगमनेरच्या पठार भागात पिण्याच्या पाण्याचा टँकर कधी येणार याची चौकशी चालू असू शकते.

या दोन आभाळांना जोडणारी नदी म्हणजे प्रवरा. तिच्यावर भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे साधारण अकरा टीएमसी. त्याच्या खाली निळवंडे धरण आहे, ८,३२० दशलक्ष घनफुटांचे. संगमनेरच्या वरच्या अंगाला आढळा नदी प्रवरेला मिळते आणि खुद्द संगमनेरला म्हाळुंगी. संगमावरचे गाव ते संगमनेर. गावाच्या नावातच पाण्याची गोष्ट आहे.

धरण भरेपर्यंत वरच्या पावसाची बातमी आपण आनंदाने वाचतो. 'भंडारदरा पन्नास टक्के', 'भंडारदरा ऐंशी टक्के'. ऑगस्टच्या मध्यापर्यंत धरण भरावे अशी लाभक्षेत्रातल्या प्रत्येकाची इच्छा असते. पण धरण भरले की हिशेब बदलतो. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतले तर ते काठावरून सांडणारच. त्यानंतर वरून जेवढी आवक, तेवढी खाली जावक. लोक विचारतात, 'आधीच थोडे थोडे सोडले असते तर?' प्रश्न रास्त आहे. धरण कोणत्या तारखेला किती भरलेले असावे याची सूची जलसंपदा खात्याकडे असते, ती याचसाठी. पण आधी पाणी सोडले आणि पुढे पावसाने दडी मारली, तर उन्हाळ्यात उसाला, डाळिंबाला आणि पिण्याला पाणी कुठून आणायचे? एका बाजूला पुराची भीती आणि दुसऱ्या बाजूला दुष्काळाची. धरणावरच्या अभियंत्याला या दोहोंच्या मधून वाट काढावी लागते. त्यामुळे खालच्या गावांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट एकच उरते. पाणी सुटणार असेल तर ते आम्हाला वेळेत कळले पाहिजे.

क्युसेक म्हणजे किती टँकर?

इशाऱ्याची पहिली अडचण भाषेची आहे. 'निळवंडे धरणातून दहा हजार क्युसेकने विसर्ग सुरू, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा', हे वाक्य आपण दर पावसाळ्यात वाचतो. पण दहा हजार क्युसेक म्हणजे काय?

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर पाणी. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला दोन लाख त्र्याऐंशी हजार लिटर. पठार भागातल्या आपल्या बांधवांना समजेल अशा भाषेत सांगायचे, तर दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर दर सेकंदाला समोरून जात आहेत असे समजा. साडेअकरा हजार क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालू राहिला, तर एक टीएमसी पाणी वाहून जाते.

हा हिशेब कळला तरी काठावरच्या शेतकऱ्याचा खरा प्रश्न सुटत नाही. त्याला विचारायचे असते ते वेगळेच. माझी मोटार काठापासून वीस फुटांवर आहे, ती काढू का राहू देऊ? फरशी पुलावरून दूध घेऊन जाता येईल का? म्हणून आकड्याला गावातल्या खुणेची जोड हवी. इतक्या क्युसेकला घाटाची अमुक पायरी बुडते, इतक्याला फरशी पूल पाण्याखाली जातो, इतक्याला अमुक वस्तीचा रस्ता बंद होतो. ही माहिती गावातल्या जुन्या माणसांच्या डोक्यात असते. ती एकदा कागदावर उतरवली आणि पुलाच्या खांबावर रंगाने पट्टे मारून ठेवले, तर त्या पट्ट्यांइतका स्वस्त इशारा दुसरा नाही.

सरकारी नकाशांवर अशा दोन रेषा आखलेल्या असतात. निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल पूररेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. यात एक गैरसमज होतो. शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ आज पूर आला की पुढची नव्व्याण्णव वर्षे निश्चिंत, असा नाही. कोणत्याही एका वर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात एक आहे, एवढाच त्याचा अर्थ. लागोपाठ दोन वर्षेही तो येऊ शकतो.

हातात किती वेळ असतो?

धरणातून सुटलेले पाणी क्षणात खाली येत नाही. नदीचा उतार, पात्र, वाटेतले बंधारे यांवर त्याचा वेग ठरतो. ढोबळ मानाने ते झपझप चालणाऱ्या माणसाच्या वेगाने येते असे धरले, तर वरच्या धरणापासून संगमनेरपर्यंत यायला त्याला काही तास लागतात. हे काही तास म्हणजे निसर्गाने आपल्याला दिलेली सवलत आहे. एवढ्या वेळात मोटारी काढता येतात, जनावरे सोडता येतात, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या आहेत की नाहीत ते पाहता येते आणि नदीकाठच्या झोपड्यांतल्या माणसांना शाळेत हलवता येते.

पण ही सवलत फक्त धरणाच्या पाण्याला आहे. आढळा, म्हाळुंगी आणि गावोगावचे ओढे यांचे पाणलोट लहान. परतीच्या पावसात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, एखादा मोठा ढग नेमका त्यांच्यावर रिता झाला, तर तासा-दोन तासांत ओढ्याला लोंढा येतो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाडा, सोलापूर आणि आपल्याच जिल्ह्याच्या पूर्व-दक्षिण भागात जी अतिवृष्टी झाली, तिने दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावांनाही पुराची ओळख करून दिली. 'आमच्याकडे कुठला आलाय पूर' हे वाक्य यापुढे कुणी उच्चारू नये.

आणि पूर केवळ पावसाळ्यातच येतो असेही नाही. उन्हाळ्यात शेतीसाठी आवर्तन सुटते तेव्हा कोरडी वाटणारी नदी एकाएकी वाहती होते. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यातल्या सुगाव बुद्रुक येथे प्रवरेत बुडालेल्या तरुणांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाच्या तीन जवानांना प्राण गमवावे लागले. ज्यांना पाण्याशी झुंजण्याचे शिक्षण दिलेले असते, त्यांची ही गत झाली. मग पुलावर उभे राहून पूर पाहणारे किंवा पैज लावून पाण्यात उडी घेणारे आपण कोण?

रंगांची भाषा

आता आभाळाकडे वळू. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले आणि १९४४ मध्ये दिल्लीला गेले. पण आपल्याकडचे लोक अजूनही 'पुणे वेधशाळा' असेच म्हणतात. आज हे खाते जिल्ह्यानुसार पुढच्या काही दिवसांचे इशारे देते आणि त्यासाठी चार रंग वापरते. हिरवा म्हणजे काळजीचे कारण नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा.

चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस पडला तर त्याला मुसळधार म्हणतात. त्यापुढे २०४.४ पर्यंत अतिमुसळधार आणि त्याहून जास्त तो अत्यंत मुसळधार. ढगफुटी हा शब्द आपण हल्ली सर्रास वापरतो. शास्त्राच्या भाषेत, लहानशा टापूत तासाभरात शंभर मिलिमीटर पाऊस कोसळला तरच ती ढगफुटी. शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरभर रानात चार लाख लिटर पाणी. पुन्हा टँकरचाच हिशेब, चाळीस टँकर.

मग इशारा चुकतो का? 'नारंगी सांगितला आणि थेंब नाही पडला', ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. तिचे उत्तर दोन भागांत आहे. पहिली गोष्ट, इशारा जिल्ह्याचा असतो. आपला अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, चौदा तालुक्यांचा. घाटघर याच जिल्ह्यात आणि जामखेडही याच जिल्ह्यात. दोघांवर एकच रंग चढतो. अकोल्यात तो खरा ठरतो आणि कर्जतमध्ये लोक आभाळाकडे पाहून हसतात. दुसरी गोष्ट, वळवाचा ढग हा पाच-दहा किलोमीटर विस्ताराचा पाहुणा असतो. तो तयार होतो, बरसतो आणि तासा-दोन तासांत संपतो. तो उद्या दुपारी नेमका घुलेवाडीवर येणार की साकूरवर, हे आज सांगणे अजून शास्त्राच्या आवाक्यात नाही. ढग तयार झाल्यावर रडार आणि उपग्रह त्याला पाहू शकतात. म्हणून हवामान खाते पुढच्या तीन तासांपुरता वेगळा, तातडीचा अंदाजही देते. आदल्या दिवशीचा रंग पाहून दिवसाची आखणी करावी आणि बाहेर पडताना तातडीचा अंदाज पाहावा, हा त्याचा खरा उपयोग.

रडारचे महत्त्व आपण मोठी किंमत मोजून शिकलो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हते. पुढे ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्याचा मार्ग आधीच सांगितला गेला होता आणि किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना हलवता आले. ओडिशाचे उदाहरण तर जगभर दिले जाते. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ च्या फायलिन वादळाआधी लाखो लोकांना हलवले आणि बळींची संख्या काही डझनांवर राहिली. वाऱ्याचा जोर माणसाच्या हाती नव्हता. निरोप आणि निवारा माणसाच्या हाती होता.

विजेचा इशारा मिनिटांचा

पुराला तास मिळतात, विजेला मिनिटे. एप्रिल ते जूनमधला वळीव आणि परतीचा पाऊस हे विजेचे दोन हंगाम. बळी जातात ते बहुतेक उघड्यावर काम करणारे. कांदा झाकायला धावलेली बाई, झाडाखाली थांबलेला गुराखी, पठारावर मेंढरे राखणारा धनगर.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने वीज टिपणाऱ्या संवेदकांचे जाळे उभे केले आहे. त्यावर आधारलेले 'दामिनी' हे मोबाइल अ‍ॅप आपल्या भोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघात वीज कडाडते आहे का, हे सांगते. पण ज्याच्याकडे असा फोन नाही त्याच्यासाठीही एक साधन आहे, आणि ते प्रत्येकाच्या कानाशीच आहे. वीज चमकल्यावर अंक मोजायला लागा. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्यावरही पडू शकते. लगेच पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. एकट्या झाडाखाली थांबणे सर्वांत वाईट. पाण्यात, तारेच्या कुंपणाजवळ, विजेच्या मोटारीजवळ थांबू नये. उघड्यावर सापडलात आणि काहीच आसरा नसेल तर दोन्ही पावले जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. वीज जमिनीतून पसरते. शरीर जमिनीला जितके जास्त टेकेल, तितका धोका अधिक. जनावरांचे पुढचे-मागचे पाय लांब असल्याने एका विजेत अख्खा कळप मरतो, त्याचे कारणही हेच.

गारपिटीचेही तसेच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट महाराष्ट्रातला शेतकरी विसरलेला नाही. काढणीला आलेले पीक उचलायला एक दिवस आधी कळले तरी वर्षाची कमाई वाचते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या संस्थांकडून हवामानावर आधारित कृषी सल्ला मिळतो. तो गावाच्या फळ्यावर लिहिण्याचे काम शाळेतल्या मुलांनाही देता येईल.

शेवटचे शंभर पाऊल

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुणे बुडाले. धरण धोक्यात आहे हे आदल्या दिवसापासून काही लोकांना माहीत होते. जवान वाळूची पोती रचत होते. पण नदीकाठच्या पेठांतल्या सामान्य माणसाला घर सोडायला सांगणारा स्पष्ट निरोप वेळेत मिळाला नाही. माहिती असणे आणि इशारा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा पानशेतचा धडा.

पूर्वी कोतवाल दवंडी पिटत असे. आज धरणावर भोंगा वाजतो, जलसंपदा खात्याचा निरोप तहसीलदारांकडे जातो, तिथून मंडलाला, गावाला, पोलीस पाटलाला. मोबाइलवर संदेश येतात. २०२३ मध्ये देशभर चाचणी झाली तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम मोठ्याने वाजले होते, ते आठवत असेलच. आपल्या जिल्ह्यात ग्रामसुरक्षा यंत्रणाही आहे. एकाने फोन केला की त्याच्याच आवाजातला निरोप नोंदणी केलेल्या साऱ्या गावाच्या फोनवर जातो. चोर आले, बिबट्या दिसला, यासाठी ती आपण वापरतो. पुरासाठीही तिचा वापर व्हायला हवा.

तरीही शेवटचे शंभर पाऊल उरतेच. संगमनेरच्या बाजारात असलेल्या माणसाला निरोप कळतो, पण नदीपात्राजवळ कोपी टाकून राहिलेल्या ऊसतोड कुटुंबाला कळतो का? वीटभट्टीवरच्या परप्रांतीय मजुराला मराठीतला संदेश वाचता येतो का? रात्री दोन वाजता ऐकू न येणाऱ्या आजीला कोण उठवणार? रेंज नसलेल्या डोंगरात मेंढरांमागे गेलेल्या धनगराला कोण गाठणार? बांगलादेशात १९७० च्या वादळात लाखो माणसे गेल्यावर तिथे गावोगावी स्वयंसेवक तयार केले गेले. हातात कर्णा आणि धोक्याचा बावटा घेऊन ते दारोदार जातात. उपग्रहाच्या युगातही त्यांचे काम संपलेले नाही.

आपल्याकडे हे अवघड नाही. मृगाच्या आधी ग्रामसभेत एक यादी करावी. नदीकाठची आणि ओढ्याकाठची घरे किती, त्यांत म्हातारी, आजारी, अपंग माणसे कोण, आणि प्रत्येक घराला निरोप देण्याची जबाबदारी कुणाची. 'कुणीतरी सांगेल' असे म्हटले की कुणीच सांगत नाही. नाव लिहिले की माणूस जातो. मंदिराचा आणि मशिदीचा ध्वनिक्षेपक या कामी यावा. वीज गेली, टॉवर पडला, तरी घरात सेलवर चालणारा एक रेडिओ असावा.

लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि तात्पर्य काढतो की खोटी हाळी देऊ नये. हवामानाच्या बाबतीत थोडा वेगळा विचार करावा लागेल. इथे हाळी देणारा खोटे बोलत नसतो. लांडगा कधी येतो, कधी शेजारच्या शिवारातून निघून जातो. दहा वेळा मोटार काढून पुन्हा बसवण्याचा त्रास झाला, तर तो त्रास दोन-चार तासांचा असतो. अकराव्या वेळी पाणी खरेच आले आणि आपण काठावर नव्हतो, तर साऱ्या फेऱ्या वसूल झाल्या असे समजावे. तेव्हा येत्या पावसाळ्यात निरोप आला, तर तो खरा की खोटा यावर पारावर चर्चा करत बसण्याआधी उठा, शेजारच्या घरी जा आणि त्यांना कळले आहे ना, एवढे विचारून या.